नऊ पाने आणि एकशे बारा रुपये

दिवाळीच्या आधी घराची साफसफाई काढली म्हणजे आमच्याकडे एक लहानसे उत्खननच सुरू होते. माळ्यावरून काय खाली येईल याचा नेम नसतो. गेल्या वर्षी अशीच एक पत्र्याची ट्रंक खाली आली. वडील होते तोवर त्यांनी तिला कोणाला हात लावू दिला नव्हता. ते गेल्यावर किल्ली माझ्याकडे आली आणि मी मोठ्या उत्सुकतेने ती उघडली. दागिना नाही तर निदान एखादी जुनी पैठणी तरी निघेल, अशी माझ्या मुलीची आशा होती. निघाल्या त्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट आकाराच्या सोळा वह्या. आजीचे घरखर्चाचे हिशेब!

मुलीची निराशा झाली. मी मात्र त्या रात्री जेवणे आटोपल्यावर पहिली वही उघडली आणि ती खाली ठेवली तेव्हा दोन वाजून गेले होते. मी पेशाने मराठीची प्राध्यापिका; आयुष्यात पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या आणि वर्गात शिकवल्याही. पण ‘मीठ, काड्यापेटी, खोबरेल तेल’ अशा ओळींनी मला कोणी जागवील, असे वाटले नव्हते.

पहिल्या वहीवर तारीख आहे १ एप्रिल १९५७. माझी आजी चौथी इयत्ता शिकलेली. तिने नेमका त्याच दिवशी हिशेब लिहायला का घेतला, हे कोडे मला दुसऱ्या पानावर उलगडले. त्या दिवसापासून आपल्याकडे दशमान नाणी सुरू झाली. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, असा हिशेब आजीच्या बोटांच्या पेरांवर होता. आता रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास, इथवर सगळे सरळ. पण एका आण्याचे होतात सव्वासहा, आणि पाव पैशाचे नाणे तर कोणी पाडलेले नाही! म्हणून सरकारी कोष्टक निघाले. एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. हे कोष्टक आजीने दुसऱ्या पानावर सोळा आण्यांपर्यंत उतरवून घेतले आहे. आपण नव्या पैशांत फसू, ही तिची धास्ती. आणि त्या धास्तीतून या वह्या जन्मल्या.

पण गंमत पुढेच आहे. चारच दिवसांनी समासात एक टीप सापडते: ‘भाजी चार ठिकाणी घेतली. १ वाचला.’ मला आधी काही कळेना. मग लक्षात आले. चार आण्यांची भाजी एकीकडे घेतली की पंचवीस पैसे पडतात. तीच चौघींकडून आण्या-आण्याची घेतली तर चोक सहा चोवीस! म्हणजे सरकारच्या कोष्टकात राहिलेली फट या चौथी शिकलेल्या बाईने चार दिवसांत हेरली होती. पुढे कित्येक आठवडे ती मंडईत मेथी एकीकडे, मिरच्या-कोथिंबीर दुसरीकडे, वांगी तिसरीकडे अशी हिंडत होती. एका पैशासाठी एवढी पायपीट कशाला, असे आपल्याला वाटेल. वाटणाऱ्याच्या घरात नऊ पाने मांडली जात नसतील, एवढेच मी म्हणेन.

नऊ पाने ती अशी: आजी, आजोबा, आजोबांची आई आणि सहा मुले. आत्या सर्वांत थोरली, तिला घरात ताई म्हणत. तिच्या पाठचे माझे वडील आणि मग खाली चौघे. नारायण पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या. आजोबा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका सुधारण्याचे हे काम त्यांनी जन्मभर केले, आणि त्याबद्दल १९६१ साली त्यांच्या हातात महागाई भत्त्यासकट ११२ रुपये पडत.

त्या वर्षीच्या मार्च महिन्याचे पान मी पुनःपुन्हा पाहिले आहे. भाडे ११, वाणी ३०, धान्यासाठी बाजूला २२, दूध १०, कोळसा-लाकूड-रॉकेल ९, शाळा ८, भाजी ८, भिशी ५, वीज ३, औषध २, देव आणि पोस्ट मिळून १, आणि ‘यांस हातखर्च’ ३. बेरीज बरोबर ११२. देव आणि पोस्ट एका रुपयात कसे बसवले, हे त्या दोघांनाच ठाऊक! दहा रुपयांच्या दुधात रोज जेमतेम अर्धा लिटर येत असावे. त्यात तान्ह्या बाळापासून सासूबाईंच्या चहापर्यंत सगळे भागवायचे.

या पानातली खरी मेख आहे ती ‘धान्यासाठी बाजूला’ या बावीस रुपयांत. मार्चमध्ये धान्य विकत घेतलेलेच नाही. ते घेतले जाई मे महिन्यात, वर्षाचे एकदम, सुगी होऊन भाव उतरलेला असताना. महिन्याला बावीस म्हणजे वर्षाचे २६४ रुपये. पगाराच्या दुपटीहून अधिक. इतकी रक्कम एका महिन्यात काढणे अशक्य, म्हणून ती बारा महिन्यांवर पसरलेली. शाळेचे आठ रुपयेही असेच. खर्च सगळा जूनमध्ये, पण तरतूद जुलैपासून. आपण सामान्यतः महिन्याचा पगार आणि महिन्याचा खर्च यांची सांगड घालू पाहतो आणि जून किंवा दिवाळी आली की तोंडावर आपटतो. आजी वर्षाचा खर्च बाराने भागून मग महिन्याकडे येत असे. भागाकार ती जमिनीवर कोळशाने करी, असे आत्या सांगते.

हे मला एका दृष्टीने फार जवळचे आहे. मी स्वतः आठ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत होते. त्यात मानधन महिन्याच्या महिन्याला येत नाही. सत्र संपल्यावर, कधी त्याच्याही नंतर, एकरकमी येते. घरात आम्ही सहा माणसे, यजमानांची नोकरी सुटलेली. पैसे आले की दोन महिने आम्ही राजे आणि पुढचे चार महिने उधारीवर, असा आमचा खाक्या होता. आजीची वही तेव्हा हाती लागली असती, तर काही रात्रींची झोप वाचली असती. भागाकार मला येत नव्हता असे नाही. तो पैसे आलेल्या दिवशी करायचा असतो, हे ठाऊक नव्हते.

स्वयंपाकघरातल्या काटकसरीबद्दल मी फार लिहीत नाही. दुधीच्या सालीची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची भाजी, आजोबांच्या धोतराचा पंचा, पंच्याचे फडके आणि फडक्याच्या देवापुढच्या वाती, हे सारे आमच्या वाचकांच्या घरीही झालेले आहे. ज्यांच्या घरी झाले नसेल त्यांना ते सांगून पटायचे नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. पाठ्यपुस्तके अप्पा बळवंत चौकातून अर्ध्या किमतीत येत आणि ती थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सहा जणांनी वापरायची असत. त्या काळी पुस्तके शाळेगणिक वेगळी. सरकारी पाठ्यपुस्तक मंडळ निघाले ते १९६७ साली. तोवर एखाद्या वर्षी शाळेने पुस्तक बदलले की आमच्या घरात सुतक आल्यासारखे होई. १९५९ च्या जून महिन्यात आजीने लिहिले आहे: ‘भूगोल बदलला. २ रु.’ भूगोल बदलल्याचे इतके दुःख क्वचितच कोणाला झाले असेल!

वह्या वाचून झाल्यावर मी त्या पिशवीत घालून आत्याकडे घेऊन गेले. आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. चष्मा लावून ती एकेक पान उलटत होती आणि मध्येच हसत होती. मी सहज म्हटले, “आत्या, आजीचे किती उपवास असायचे गं! सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. मला आठवतंय, तिचा वार चुकला असं कधी झालं नाही.”

आत्या थांबली. म्हणाली, “वार आधी एकच होता, सोमवारचा. बाकीचे महिन्याच्या वीस तारखेनंतर यायचे.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय! पगार झाला की दहा-पंधरा दिवस तिला फक्त सोमवार असे. मग डबा खाली जायला लागला की तिला शनिवार आठवायचा, मग गुरुवार. साबुदाणा काही फुकट येत नाही. तेव्हा उपवास म्हणजे चहा. पुढे ते वार तिला इतके चिकटले की पैसे असतानाही सुटले नाहीत. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी सोमवारचं रात्रीचं जेवण सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा आमचे बाबा आईला म्हणाले, ‘अहो, पंतप्रधानांना तुमचा पत्ता कोणी दिला?’ आम्ही सगळे हसलो. ती पण हसली.”

मी पुन्हा त्या मार्चच्या पानाकडे पाहिले. बेरीज बरोबर ११२ होती खरी. पण ती कशामुळे जुळत होती, त्याचे खाते वहीत कोठेच नव्हते. मला या वह्यांचे फार कौतुक वाटत होते. त्या क्षणापासून ते कौतुक थोडे अवघडून गेले.

१९६१ च्या वहीची खालची कड अजून तपकिरी आहे आणि पाने एकमेकांना चिकटलेली आहेत. १२ जुलै १९६१, बुधवार. पुण्याच्या माणसाला ही तारीख समजावून सांगावी लागत नाही. पानशेतचे धरण फुटले, खाली खडकवासल्याचेही फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत घुसले. आजोबा छापखान्यात होते. आजीने सासूला पुढे घातले, बाळाला काखेत घेतले आणि मुलांची माळ करून ती उंचावरच्या एका नातलगाच्या घराकडे निघाली. देव, रेशनकार्ड आणि हिशेबाची वही एवढेच तिने पदरात बांधून घेतले होते. वाटेत गुडघाभर पाण्यात आत्याचा पाय घसरला आणि तिच्याबरोबर वहीही भिजली.

पाणी ओसरल्यावर घरी परतले, तेव्हा भिंत उभी होती, पण खोलीत मांडीभर चिखल होता. मे महिन्यात भरलेली धान्याची कोठी आडवी झाली होती. गव्हाला आंबूस वास सुटला होता. ज्वारीला आठवड्याभरात कोंब फुटले. बारा महिने बावीस-बावीस रुपयांनी जमवलेले ते धान्य शेवटी टोपल्यांनी उकिरड्यावर नेऊन टाकले. छापखान्यातही पाणी शिरले होते. तो कित्येक आठवडे बंद राहिला आणि आजोबांच्या हाती निम्मा पगार आला. पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आमची माणसे त्याच वाड्यात, ओल्या भिंतींत राहिली. भाडे अकरा रुपये होते म्हणून.

आणि इथे ती वाण्याची गोष्ट येते. गल्लीच्या तोंडाशी त्याचे दुकान होते. माल तर वाहून गेलाच, पण त्याच्या खतावण्यांचाही लगदा झाला. कोणाकडे किती येणे, याचा एक कागद त्याच्याकडे उरला नाही. आजीच्या वहीत मात्र स्पष्ट होते: वाणी, मागील बाकी १३, जून ३०, एकूण देणे ४३ रुपये.

घरात त्यावर बोलणे झाले. आत्या तेव्हा चौदा वर्षांची होती, तिला सगळे आठवते. पणजी म्हणाली, “अगं, त्याचंही गेलं, आपलंही गेलं. देवानंच पाटी पुसली. तू कशाला परत गिरवतेस?” आजोबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने वही घेतली, आत्याला बरोबर घेतले आणि ती दुकानावर गेली. वाणी फावड्याने चिखल काढत होता. आजी म्हणाली, “शेठजी, आमच्याकडे तुमचे त्रेचाळीस रुपये निघतात. आता देता येणार नाहीत. पण लिहून ठेवा.”

लिहायला त्याच्याकडे कागद नव्हता. त्याने तो आकडा भिंतीवर कोळशाने लिहिला.

ही हकीकत मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि घरी ती नेहमी आजीच्या सचोटीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मी आत्याला तसेच म्हटले, तेव्हा ती म्हणाली, “सचोटी होतीच गं. पण आई भाबडी नव्हती. कोठी रिकामी होती आणि पुढचं वर्ष उधारीवर काढायचं होतं. त्या माणसानं आम्हांला दिवाळीपर्यंत एका शब्दानं विचारलं नाही. गल्लीत बाकीच्यांना तो रोख मागत होता.” पत या शब्दाचा अर्थ मी विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितला आहे. तो इतका नेमका मला सांगता आला नव्हता.

तरी उधारी ही उधारीच. नवे धान्य, भांडी आणि अंथरुणे यांसाठी आजोबांनी मालकांकडून तीनशे रुपये उचल घेतली. महिना दहा रुपये पगारातून कापून घ्यायचे, म्हणजे तीस महिने. सप्टेंबर १९६१ पासून पान बदलते. जमा १०२. दूध दहाचे सात झाले, आजोबांचा हातखर्च तिनाचा एक, आणि भिशीपुढे पाच होते तिथे नुसती आडवी रेघ. दहा रुपये जुळले. भाडे, वाणी, शाळा यांना धक्का नाही. मुलांच्या शाळेचे आठ रुपये तिने त्या तीस महिन्यांत एकदाही कमी केलेले नाहीत, हे मी प्रत्येक पान उलटून पाहिले आहे.

पण कॉलेज म्हणजे शाळा नव्हे. १९६३ साली आत्या मॅट्रिक झाली, तेही चांगल्या गुणांनी. उचलीचे हप्ते अजून चालूच होते. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फी माफ करण्याची सरकारी सवलत तेव्हा निघालेली होती. आजोबांचे कागदावरचे उत्पन्न तिच्या मर्यादेच्या थोडेसेच वर निघाले. कापून घेतलेले दहा रुपये त्या कागदावर कापलेले दिसत नाहीत! त्या जूनच्या पानाच्या मागे आजीने पेन्सिलीने एक हिशेब मांडला आहे. वर एकच शब्द आहे, ‘कॉलेज’. खाली फी, पुस्तके, एक लुगडे, चपला. मग घरातल्या बाबी एकामागून एक कमी करून पाहिल्या आहेत. दूध सातावरून पाच, रॉकेल, भाजी. शेवटी आकडा उरतो: महिना सात रुपये कमी. तो हिशेब एका तिरप्या रेघेने खोडला आहे. पुढच्या महिन्यापासून एक नवी बाब येते: ‘ताई, टायपिंग क्लास, ५.’

१९६५ मध्ये आत्याला टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागली. पहिला पगार आजोबांच्या पगाराहून थोडा अधिकच होता. तो तिने देवापुढे ठेवला, तेव्हा आजोबा पर्वतीला जातो म्हणून बाहेर पडले आणि दिवेलागणीनंतर परतले. तिथपासून वहीत जमेच्या बाजूला दोन ओळी आहेत. दूध पुन्हा दहाचे झाले, मग पंधराचे. १९६६ च्या जूनमध्ये ओळ येते: ‘कॉलेज फी’. ती माझ्या वडिलांची. ती चार वर्षे न चुकता भरली गेली. वडील पदवीधर झाले, नोकरीला लागले. त्यांची मुलगी एम. ए. झाली आणि आज ती या पानांवर लेख लिहीत आहे. आत्याच्या नावापुढे त्या चारही वर्षांत खर्चाची एकच बाब आहे: ‘ताईस हातखर्च, ५’. तिचे लग्न झाले १९७४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. तोवर खालची सगळी भावंडे मार्गी लागली होती.

वडिलांनी ती ट्रंक कुलपात का ठेवली असावी, हे मला आता थोडेसे उमगते. पण त्यांना ते विचारायचे राहून गेले.

पेन्सिलीचे ते पान आत्याला दाखवावे की नाही, असा मला प्रश्न पडला होता. तिने ते आपणहूनच उघडले. बराच वेळ ती आकड्यांवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, “सात धरलेत होय आईने! इथे वाणी तिसाचा घेतलाय बघ. त्या वर्षी तो अठ्ठावीसच येत होता. आणि चपला माझ्याकडे होत्या.”

“तुला कसं आठवतं?”

“मीही केला होता ना हा हिशेब. माझ्या वहीत, मागच्या पानावर. माझे चार कमी येत होते.”

“मग तू दाखवला नाहीस आजीला?”

“तिने तिचा मला कुठे दाखवला?” आत्या म्हणाली. तिने वही मिटली, चष्मा काढून पदराने पुसला आणि चहाला आधण ठेवायला ती आत गेली. जाताना विचारून गेली, “दूध जरा जास्त चालेल ना तुला?”